हातात राण्यांची जोडी, टेबलावर तीन पत्ते
फ्लॉपनंतर मोठी जोडी कशी खेळावी, या प्रश्नाचा आढावा

पुण्यात पोकर खेळणाऱ्या बहुतेकांची पत्त्यांशी ओळख तीन पत्तीतून झालेली असते. दिवाळीत भावंडं जमली किंवा गणपतीचं जागरण असलं की चादर अंथरायची, चिंचोके नाहीतर काडेपेटीतल्या काड्या वाटून घ्यायच्या आणि डाव मांडायचा. तीन पत्तीत एक्क्यांची जोड आली की शो होईपर्यंत ती एक्क्यांची जोडच राहते. समोरचा किती चाली टिकतो एवढाच प्रश्न असतो.

टेक्सस होल्डममध्ये हे गणित पहिल्या मिनिटालाच बदलतं. इथे हातात दोनच पत्ते असतात. टेबलावर पाच पत्ते सगळ्यांचे मिळून उघडले जातात: आधी तीन एकदम, तो फ्लॉप, मग एक, तो टर्न, आणि शेवटचा रिव्हर. हातातल्या दोन आणि टेबलावरच्या पाच पत्त्यांतून प्रत्येकाने आपला पाच पत्त्यांचा सर्वोत्तम हात लावायचा. वाटतानाच दोन सारखे पत्ते आले तर ती पॉकेट पेअर. त्यात एक्के, राजे, राण्या आणि गुलाम या चार जोड्या मोठ्या मानल्या जातात. फ्लॉप पडायच्या आधी त्या कशा खेळाव्यात याबद्दल फारसा वाद नाही: रेज करा, कुणी वर रेज केली तर बहुतेक वेळा आणखी वाढवा. वाद फ्लॉपनंतर सुरू होतो, आणि नवशिक्याच्या चिप्स सगळ्यात जास्त तिथेच जातात. कारण तीन पत्ते उघडले की राण्यांची जोडी म्हणजे पाच पत्त्यांच्या उतरंडीत फक्त ‘एक जोडी’. दोन जोड्या, तिहेरी, सिक्वेन्स, कलर हे सगळे तिच्या वरचे.

या प्रश्नावर गेल्या साडेचार दशकांत पुस्तकं निघाली, गणित मांडलं गेलं, संगणकाने आपली उत्तरं दिली. त्या सगळ्याचा पुण्यातल्या हौशी टेबलाच्या बाजूने घेतलेला हा आढावा.

आधी मोजदाद

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० साली, सहा रसांपासून किती वेगवेगळी मिश्रणं होतात हे काढायची रीत आहे, उत्तर ६३ येतं. पोकरची मोजदाद त्याच रीतीची आहे. ५२ पत्त्यांतून दोन पत्ते १,३२६ प्रकारे येऊ शकतात. त्यांतले सहा प्रकार एक्क्यांच्या जोडीचे. म्हणजे २२१ वाटपांत सरासरी एकदा एक्के येतात. एक्के ते गुलाम या चार जोड्यांचे मिळून २४ प्रकार होतात, म्हणजे साधारण ५५ हातांत एकदा त्यांच्यापैकी एखादी मिळते.

एवढ्या वाट पाहण्यानंतर आलेली जोडी टाकवत नाही, आणि नुकसानाचं पहिलं कारण तेच असतं. पण फ्लॉप आपली वाट पाहणं जाणत नाही. राजे हातात असताना फ्लॉपवर निदान एक एक्का पडण्याची शक्यता साडेबावीस टक्के आहे. राण्या असताना एक्का किंवा राजा पडण्याची शक्यता ४१ टक्के. गुलाम असतील तर ५७ टक्के वेळा त्यांच्याहून मोठा पत्ता टेबलावर येतो. म्हणून गुलामांच्या जोडीला टेबलावर सगळे वैतागतात: ती मोठ्या जोड्यांच्या पंगतीत बसते, पण निम्म्याहून अधिक वेळा फ्लॉपनंतर ती वरची जोडी उरलेली नसते.

आपल्या जोडीचा तिसरा पत्ता फ्लॉपवर येऊन सेट लागण्याची शक्यता पावणेबारा टक्के, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. तो लागला तर चिंता थोडी. खरा अभ्यास उरलेल्या वेळांचा, आणि त्यातही ओव्हरपेअरचा: आपली जोडी टेबलावरच्या प्रत्येक पत्त्याहून मोठी आहे, पण तिला तिसरा पत्ता मिळालेला नाही. या लेखात मुख्यतः तिचीच चर्चा आहे.

ओव्हरपेअर कुणापुढे किती टिकते, हे एकदा पक्कं डोक्यात बसवावं. समोर फ्लश ड्रॉ असेल, म्हणजे एका रंगाचे चार पत्ते जुळून पाचव्याची वाट असेल, तर त्याचे नऊ पत्ते शिल्लक असतात. पुढच्या एका पत्त्यावर तो १९ टक्के वेळा लागतो, दोन्ही पत्ते बघायला मिळाले तर ३५ टक्के. समोर दोन जोड्या असतील तर आपल्याला साधारण चौथा हिस्सा उरतो. समोर सेट असेल तर शंभरात आठ-नऊ वेळाच आपण वाचतो. म्हणजे आपण पुढे असतो तेव्हा समोरच्याला बऱ्यापैकी संधी असते, आणि मागे पडतो तेव्हा आपली संधी फारच कमी होते. एक्क्यांची जोडी एकतर छोटा पॉट जिंकते नाहीतर मोठा हरते, हे खेळाडूंचं जुनं म्हणणं या असमतोलातूनच आलं आहे.

पुस्तकांनी काय शिकवलं

डॉयल ब्रन्सन १९७६ आणि १९७७ असा लागोपाठ दोनदा पोकरच्या विश्व मालिकेचा मुख्य विजेता ठरला. त्याचं ‘सुपर सिस्टम’ १९७९ मध्ये आलं. त्या पिढीचा भर आक्रमणावर होता: पुढाकार आपल्या हातात ठेवा, समोरच्याला अवघड प्रश्न विचारत राहा. डेव्हिड स्क्लान्स्कीच्या ‘थिअरी ऑफ पोकर’ने १९८७ मध्ये त्याला तर्काची बैठक दिली. समोरच्याचे पत्ते दिसत असते तर त्याने जे केलं असतं, त्याहून वेगळं त्याच्याकडून करवून घेतलं की आपला फायदा, हे त्याचं सूत्र. मोठ्या जोडीला ते लावलं तर अर्थ सरळ निघतो: ड्रॉ असलेल्याला स्वस्तात पुढचा पत्ता बघू देऊ नका, आणि कमकुवत जोडी असलेल्याला पळवून लावू नका.

डॅन हॅरिंग्टनच्या ‘हॅरिंग्टन ऑन होल्डम’चा पहिला खंड २००४ मध्ये आला. त्याच्या आदल्याच वर्षी ख्रिस मनीमेकर हा हौशी खेळाडू ८३९ जणांच्या मुख्य स्पर्धेत पहिला येऊन २५ लाख डॉलर जिंकला होता, आणि जगभर नव्या खेळाडूंची रीघ लागली होती. फ्लॉपआधी ज्याने रेज केली त्यानेच फ्लॉपवरही बेट टाकायची, ही सी-बेटची सवय या पिढीला हॅरिंग्टनने लावली. पुण्यातल्या टेबलांवर आजही पॉटच्या निम्मी सी-बेट सहज पडते.

२००७ मध्ये मॅट फ्लिन, सनी मेहता आणि एड मिलर यांच्या ‘प्रोफेशनल नो-लिमिट होल्डम’ने प्रश्नाची जागाच बदलली. तुमची जोडी किती मोठी हे विचारण्याआधी पॉटच्या मानाने तुमच्यासमोर किती चिप्स उरल्यात ते विचारा, असं त्यांनी मांडलं. फ्लॉपच्या वेळी उरलेला स्टॅक भागिले पॉट, हे ते गुणोत्तर. खेळाडू त्याला एसपीआर म्हणतात. माझ्या मते मोठ्या जोडीसाठी आजवर लिहिलं गेलेलं सगळ्यात उपयोगी साधन हेच आहे.

त्याचा हिशेब बघा. ब्लाइंड, म्हणजे पत्ते वाटण्याआधी दोघांना सक्तीने टाकाव्या लागणाऱ्या बेट्स, १०० आणि २००; मोठी टाकणारा तो बिग ब्लाइंड. प्रत्येकापुढे २०,००० चिप्स. तुम्ही ६०० ची रेज केलीत, फक्त बिग ब्लाइंडने कॉल केला. पॉट १,३००, तुमच्याकडे १९,४००. गुणोत्तर जवळपास १५. आता त्याच हातात समोरच्याने २,००० पर्यंत वाढवलं आणि तुम्ही कॉल केलात असं धरा. पॉट ४,१००, उरले १८,०००. गुणोत्तर चारच्या आसपास. या दुसऱ्या पॉटमध्ये ओव्हरपेअर घेऊन सगळ्या चिप्स आत जाणं बहुतेक वेळा बरोबर ठरतं, कारण दोन-तीन बेट्समध्ये त्या जातातच आणि समोरचाही छोट्या हातांनिशी तिथवर येतो. पहिल्या पॉटमध्ये मात्र सगळ्या चिप्स आत जायच्या तर कुणीतरी कुठेतरी जोरदार रेज करावी लागते, आणि एका जोडीपुढे अशी रेज करणाऱ्याकडे सहसा एका जोडीहून अधिक काही असतं. राण्या दोन्ही पॉटमध्ये त्याच आहेत. त्यांच्यावर किती लावायचं, ते वेगळं आहे.

कोरडा बोर्ड, ओला बोर्ड

टेबलावरच्या पत्त्यांचा पोत हा दुसरा मोठा मुद्दा. इस्पिकची आणि बदामची राणी हातात आहे असं समजा. फ्लॉप पडला किलवरचा गुलाम, चौकटची सत्ती, इस्पिकची दुर्री. तीन रंग तीन बाजूंना, सिक्वेन्स जुळायला फारशी जागा नाही. खेळाडू याला कोरडा बोर्ड म्हणतात. आता समोरच्याचे हात मोजा. एक्का-गुलाम १२ प्रकारे, राजा-गुलाम १२, गुलाम-दश्शी १२, राणी-गुलाम सहाच प्रकारे, कारण दोन राण्या आपल्याकडे आहेत. दश्शी, नव्वी, अठ्ठी यांच्या जोड्या प्रत्येकी सहा. हे साठ हात आपल्या मागे आहेत आणि एक तरी बेट कॉल करतील. पुढे कोण? गुलाम, सत्ती, दुर्री यांचे सेट प्रत्येकी तीन, एकूण नऊ. एक्के किंवा राजे असते तर त्याने फ्लॉपआधीच वाढवलं असतं. साठ विरुद्ध नऊ. इथे घाबरून चेक करणं, बेट न टाकता पाळी पुढे देणं, म्हणजे हक्काचं सोडून देणं.

आता फ्लॉप बदला: बदामची नव्वी, बदामची अठ्ठी, किलवरची सत्ती. हा ओला बोर्ड. राण्या इथेही ओव्हरपेअरच आहेत. पण गुलाम-दश्शी १६ प्रकारे सिक्वेन्स लावून बसलेली असू शकते, एका रंगाची छक्की-पंजी चार प्रकारे. सेट नऊ. एका रंगाच्या पत्त्यांनी लागलेल्या दोन जोड्या आणखी पाचेक. आपल्याला हरवणारे हात नऊवरून चौतीसवर गेले. पुढच्या पत्त्याचंही बघा: दश्शी, गुलाम, छक्की, पंजी किंवा कुठलंही बदाम पडलं की चित्र बिघडतं. न दिसलेल्या ४७ पत्त्यांतले असे पत्ते २२ आहेत. म्हणजे बेट टाकली काय किंवा चेक केलं काय, जवळपास निम्म्या वेळा टर्नवर आपल्याला पुन्हा शून्यापासून विचार करावा लागणार.

या दोन बोर्डांवर एकाच आकाराची बेट टाकणारा खेळाडू एकीकडे कमी मिळवतो आणि दुसरीकडे जास्त घालवतो. बेटच्या आकाराचा अर्थ कोष्टकासारखा पाठ हवा: पॉटच्या एक तृतीयांश बेट टाकली तर समोरच्याला कॉल करायला २० टक्के शक्यता पुरते, निम्मी टाकली तर २५, पॉटइतकी टाकली तर ३३. फ्लश ड्रॉ एका पत्त्यावर १९ टक्के लागतो. ओल्या बोर्डवर बेट टाकायची ठरवलं तर ती मोठी का असावी, याचं उत्तर या आकड्यांतच आहे.

संगणकाचं म्हणणं

जानेवारी २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन खेळाडूंचं लिमिट होल्डम जवळपास पूर्ण सोडवल्याचं जाहीर केलं. २०१७ च्या जानेवारीत पिट्सबर्गमध्ये ‘लिब्राटस’ या प्रोग्रॅमने चार व्यावसायिकांविरुद्ध नो-लिमिटचे १,२०,००० हात खेळून निर्विवाद विजय मिळवला. २०१९ मध्ये ‘प्लुरिबस’ सहा जणांच्या टेबलावर जिंकला. याच काळात सॉल्व्हर नावाची सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर आली: बोर्ड, स्टॅक आणि दोघांचे संभाव्य हात भरायचे, मग ते कुठल्या हाताने किती वेळा काय करावं हे सांगतात.

मोठ्या जोडीबद्दल सॉल्व्हरने जुन्या सवयी तीन ठिकाणी मोडल्या. पहिली, कोरड्या बोर्डवर मोठ्या बेटची गरज नाही. पॉटच्या चतुर्थांश-तृतीयांश बेट जवळजवळ सगळ्या हातांनी टाकली तरी चालते. दुसरी, नव्वी-अठ्ठी-सत्तीसारख्या बोर्डवर रेज करणाऱ्यानेही पुष्कळदा चेक करावं, कारण तिथे बिग ब्लाइंडकडे सिक्वेन्स आणि दोन जोड्या अधिक असतात. तिसरी, चेक करणाऱ्या हातांमध्ये अधूनमधून मोठी जोडीही असावी. नाहीतर आपण चेक केलं की आपल्याकडे काही नाही हे समोरच्याला आयतं कळतं.

एक्का पडला तर

राजांची जोडी हातात आणि फ्लॉपवर एक्का, ही अवस्था सगळ्यांना अनुभवाने माहीत असते. इथे मोजदाद धीर देते. कुठलेही दोन पत्ते घेऊन बसलेला एकच प्रतिस्पर्धी असेल तर त्याच्याकडे उरलेल्या तीन एक्क्यांपैकी एखादा असण्याची शक्यता साडेबारा टक्के आहे. तिघे असतील तर ती ३४ टक्क्यांवर जाते. माणसं एक्का सहसा टाकत नाहीत, त्यामुळे फ्लॉपपर्यंत आलेल्यांकडे तो याहून जास्त वेळा असतो.

या बोर्डवर आपण एकतर खूप पुढे असतो किंवा खूप मागे. पुढे असू तर समोरच्याला सुधारायला दोन-पाच पत्ते, मागे असू तर आपल्याला दोनच राजे. म्हणून मोफत पत्ता देण्याची भीती इथे कमी असते. एकाविरुद्ध असाल तर तीन फेऱ्यांपैकी एखादी छोटी बेट टाकणं किंवा एखादी कॉल करणं, आणि पॉट आटोपशीर ठेवून शेवटी पत्ते दाखवणं, यावर जुनी पुस्तकं आणि सॉल्व्हर बऱ्याच अंशी एकमत आहेत. तिघा-चौघांत मात्र राजे सोडायला शिकलंच पाहिजे.

एक हात जवळून

खराडीतल्या एका सोसायटीत शनिवारी रात्री जमणाऱ्या टेबलावरचा हात सांगतो. चिप्स प्लॅस्टिकच्या, पैसे नाहीत, शेवटी जिंकेल त्याने पुढच्या आठवड्यात मिसळ खाऊ घालायची. ब्लाइंड १००-२००, सगळ्यांकडे २०,०००. राण्या असलेल्या पोराने ६०० केले, बिग ब्लाइंडवरच्या काकांनी कॉल केला. फ्लॉप तोच कोरडा: गुलाम, सत्ती, दुर्री. काकांचं चेक, पोराची ४०० ची बेट, काकांचा कॉल. पॉट २,१००. टर्नला बदामची पंजी. काकांचं पुन्हा चेक. पोराने १,४०० टाकले. काकांनी चष्मा वर सरकवला आणि मोजून ४,८०० पुढे केले.

आता पॉट ८,३०० झाला. कॉल करायला आणखी ३,४०० लागतात. भागाकार केला तर आपली शक्यता २९ टक्क्यांहून जास्त असायला हवी. हरवणारे हात मोजू. गुलाम, सत्ती, पंजी, दुर्रीचे सेट: बारा. एका रंगाच्या गुलाम-सत्ती आणि सत्ती-पंजी: मिळून चार. एकूण सोळा. मागचा, पण अशी रेज करू शकेल असा एकच ठळक हात: एक्का-गुलाम, बारा प्रकारे. काका प्रत्येक एक्का-गुलामावर इथे रेज करत असतील तर आपली शक्यता ४० टक्क्यांच्या वर जाते आणि कॉल सोपा होतो. निम्म्या वेळा करत असतील तर ती ३० टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे जेमतेम काठावर. आणि रिव्हरवर आणखी एक मोठी बेट यायची असल्याने प्रत्यक्षात काठाच्या खालीच. चारांत एकदाच करत असतील तर २० टक्के, आणि राण्या टाकणं योग्य. दश्शी-नव्वीसारख्या अर्धवट हातांनी फसवी रेज करणारा माणूस असेल तर हिशेब पुन्हा कॉलकडे झुकतो.

सगळा निर्णय काका एक्का-गुलामाने काय करतात या एका प्रश्नावर येऊन ठेपला. पोराने म्हटलं, “काका, तुम्ही एका जोडीवर कधी रेज केलेली पाहिली नाही मी.” काका हसले, बोलले काहीच नाहीत. पोराने राण्या उघड्या टाकल्या. “शिकलास की रे,” एवढंच म्हणून काकांनी आपले पत्ते न दाखवता गड्डीत सरकवले. त्यांच्याकडे काय होतं ते कुणालाच कळलं नाही, आणि निर्णय बरोबर होता हे म्हणायला ते कळण्याची गरजही नाही. उत्तर पत्ते उघडण्याआधीच्या मोजणीत असतं. मेंढीकोट खेळताना कुठली दश्शी पडली आणि कुठली बाकी, हे ध्यानात ठेवणाऱ्या घरांतून आलेल्या माणसाला ही शिस्त अवघड जाऊ नये.

मतभेद कुठे आहेत

टर्नवर शांत माणसाने रेज केली की एका जोडीचा फेरविचार करावा, हा अनुभवी खेळाडूंचा सल्ला. सॉल्व्हरचं म्हणणं असं की ओव्हरपेअर इतक्या सहज टाकत राहिलात तर समोरचा काहीही घेऊन रेज करून तुम्हाला लुटेल. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी खरी आहेत. सॉल्व्हर असा प्रतिस्पर्धी धरून चालतो जो योग्य प्रमाणात फसवतो. हौशी टेबलावर कॉल करायला सगळे उत्सुक असतात, टर्नवर फसवी रेज करणारे विरळा. त्यामुळे फ्लॉप आणि टर्नवर कमकुवत जोड्यांकडून निर्धास्त चिप्स घ्याव्यात, बेट पुस्तकापेक्षा थोडी मोठीच ठेवावी, आणि अशा माणसाची रेज आली की विश्वास ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा मतभेद जोडी लपवून खेळण्याचा. एक्के आले की चेक करत राहायचं आणि शेवटी झडप घालायची, ही तीन पत्तीतून आलेली हौस. तिसरा एक्का फ्लॉपवर लागला असेल आणि बोर्ड कोरडा असेल तर एखादी फेरी थांबायला हरकत नाही, कारण समोरच्याला कॉल करायला फारसं उरतच नाही. नुसत्या ओव्हरपेअरने लपणं मात्र महागात पडतं. जे लोक कॉल करणारच आहेत त्यांच्याकडून एक फेरी फुकट जाते, आणि पाचांतल्या जवळपास एका वेळी फ्लश ड्रॉ मोफत लागतो.

स्पर्धांमध्ये आणखी एक गोष्ट मिसळते. बक्षिसाच्या उंबरठ्यावर गमावलेल्या चिप्सचं मोल मिळवलेल्या चिप्सपेक्षा जास्त असतं, कारण बाहेर पडलेल्याला परत येता येत नाही. त्यामुळे एरवी बिनदिक्कत कॉल होणारी ओव्हरपेअर तिथे टाकणं रास्त ठरू शकतं.

पुणे, पणजी आणि कायदा

हे सगळं पुण्यात कुठे खेळायचं? महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्याचं १३ वं कलम केवळ कौशल्याच्या खेळांना वगळतं, पण पोकर त्यात बसतो का याचं उत्तर देशभर एकसारखं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानलं आणि तीन पत्तीपासून तिला वेगळं काढलं. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने ब्रिज आणि रमीबरोबर पोकरचंही नाव घेऊन तो जुगाराच्या व्याख्येतून वगळला. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उलट निकाल दिला. गोव्यात १९७६ च्या कायद्यात नंतर झालेल्या दुरुस्त्यांमुळे पंचतारांकित हॉटेलांत आणि जहाजांवर कॅसिनोला परवानगी मिळाली. म्हणून पुण्याचा हौशी खेळाडू शुक्रवारच्या रात्री बसने निघून पणजीत मांडवीवरच्या जहाजांवर पोचतो. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून, कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवून, पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. मोबाइलवरचे पैशांचे पोकर टेबल त्यानंतर थांबले.

अनेकांना हा खेळावरचा घाला वाटला. मला त्यात एक सोय दिसते. वरच्या साऱ्या हिशेबात एकही रुपया लागला नाही. उलट पैसे लागले की माणूस मोजणं सोडून हरलेलं परत मिळवायच्या मागे लागतो, आणि एक्के मोडलेल्या माणसाचे पुढचे दहा हात बघितले की हे कुणालाही पटेल. घरखर्चाचे, फीचे पैसे या टेबलावर गेलेली घरं आपल्या शहरात आहेत. खेळ शिकायचा असेल तर बिनपैशाच्या चिप्सवर तो पूर्ण शिकता येतो, आणि तसाच शिकावा.

अजून न सुटलेलं

या आढाव्यातली एक बाजू मुद्दाम शेवटी ठेवली आहे. एक्क्यांची जोडी एका प्रतिस्पर्ध्यापुढे, कुठलेही पत्ते धरून, शेवटपर्यंत ८५ टक्के वेळा जिंकते. दोघांपुढे ७३, तिघांपुढे ६४, चौघांपुढे ५६ आणि पाच जणांपुढे ४९. हौशी टेबलावर एका रेजला तिघं-चौघं कॉल करतात हा नेहमीचा अनुभव आहे. म्हणजे आपल्याला रोज पडणारा प्रश्न ‘एकाविरुद्ध ओव्हरपेअर’ असा नसून ‘चौघांविरुद्ध ओव्हरपेअर’ असा असतो. आणि नेमकं तिथे सिद्धांताचं पाठबळ सगळ्यात विरळ आहे. दोघांच्या खेळात समतोल डावपेचाने खेळणाऱ्याला दीर्घकाळात कुणी हरवू शकत नाही, हे गणिताने दाखवता येतं. तीन किंवा अधिक जण आले की ती हमी जाते. प्लुरिबसने सहा जणांच्या टेबलावर माणसांना हरवलं, पण त्याचा डावपेच अभेद्य असल्याची सिद्धता त्यातून मिळाली नाही.

अनेकांच्या पॉटबद्दल ठामपणे सांगता येण्यासारखं थोडंच आहे: बेट कमी वेळा टाका पण टाकाल तेव्हा मोठी टाका, दोघांनी कॉल केल्यावर टर्नला पुन्हा मोजा, आणि दोघांच्या पुढे तिसऱ्याने रेज केली तर जोडी कितीही देखणी असो, सोडा. याच्या पलीकडचं आपल्याला आपल्याच टेबलावरून शिकायचं आहे. म्हणून प्रत्येक घरगुती टेबलाने एक वही ठेवावी. मोठी जोडी आली की चार गोष्टी लिहाव्यात: फ्लॉपला किती जण होते, बोर्ड कोणता, उरलेला स्टॅक पॉटच्या किती पट, आणि कुणी कुठे रेज करून शेवटी काय दाखवलं. काका एक्का-गुलामाने रेज करतात का, याचं उत्तर कुठल्याही सॉल्व्हरकडे नाही. वर्षभर लिहिलेल्या वहीत ते सापडेल, आणि पुढच्या वेळी राण्या टाकायच्या की ठेवायच्या हे त्या नोंदींवरून ठरवता येईल.